आजोबांचा उपास : विश्वासाने नीतिमान ठरणं आणि जातीची उतरंड

(दलित ख्रिस्ती आणि बौद्ध कुटुंबांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

जय भीम! आणि आमच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत करतात तसा सगळ्यांना सलाम.

हे दोन्ही शब्द माझेच आहेत. सलाम वडिलांकडून आला, जय भीम आईकडून. माझे मामा १९५६ नंतर बौद्ध झाले. वडिलांच्या घरी त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती प्रार्थना चालू होती. दोन्ही घरं मूळची महारवाड्यातली. त्यामुळे आज समोर बसलेल्या माणसांत मला परकं कुणी दिसत नाही.

आयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘विश्वासाने नीतिमान ठरणं म्हणजे काय?’ मी पाळक नाही. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मी छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. म्हणून ग्रीक शब्दांच्या खोलात न जाता मी माझ्या घरात काय घडलं तिथून सुरुवात करते. शेवटी माझ्या हातून काय घडलं, तेही सांगणार आहे. ते सांगायला अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवलं आहे.

आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. पुढे गावोगावच्या महारवाड्यांत, मांगवाड्यांत शाळा निघाल्या, प्रार्थनेच्या खोल्या उभ्या राहिल्या. माझ्या आजोबांनी महारकी सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि ते ख्रिस्ती झाले. आजीही झाली. काही वर्षांनी त्याच गावातलं एक मांग कुटुंब मंडळीत आलं. दोर वळणारी, केरसुण्या बांधणारी, लग्नाकार्यात वाजवणारी माणसं. प्रार्थनेला ती दाराजवळ बसायची. तिथे बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

एका रविवारी प्रभुभोजन होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : भाकर मोडून सगळ्यांत वाटतात आणि एकाच प्याल्यातून सगळे पितात. त्या दिवशी पाळकांनी नेहमीसारखी पुढून सुरुवात न करता दारापासून केली. प्याला आधी मांग कुटुंबाकडे गेला आणि फिरत फिरत आजोबांपाशी आला. आजोबांनी हात जोडले. म्हणाले, “आज माझा उपास आहे.” आणि उठून बाहेर गेले.

आजी शेजारीच होती. ती प्याली.

घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, “तू का पेलीस?” आजी म्हणाली, “म्या त्याच्या नावाचं पेले. आधी कुणाचं तोंड लागलं, ते न्हाई पाह्यलं.”

आजोबा त्यानंतर दोन वर्षं प्रभुभोजनाला बसले नाहीत. मग एक दिवस बसले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आजी म्हणायची, भूक लागली असेल.

साथींनो, ज्या शिकवणीला आम्ही ‘विश्वासाने नीतिमान ठरणं’ म्हणतो, ती शिकवण जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी अगदी अशाच एका पंगतीवरून मांडली गेली. हे मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

अंत्युखिया नावाचं शहर होतं. तिथल्या मंडळीत यहुदी आणि बिगरयहुदी एकत्र जेवत असत. पेत्रही तिथे आला आणि सगळ्यांबरोबर जेवू लागला. हा पेत्र येशूबरोबर गावोगाव फिरलेला, बारा जणांत पहिला मानला गेलेला. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली. त्यांच्या भीतीने पेत्राने बिगरयहुद्यांबरोबर जेवणं सोडलं, तो हळूच बाजूला झाला. त्याचं पाहून इतर यहुदीही उठले. बर्णबा तर पौलाचा जवळचा सोबती, तोही उठला. तेव्हा पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर, तोंडावर जाब विचारला. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. आणि ही हकिकत सांगता सांगताच तो म्हणतो की माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासाने ठरतो.

म्हणजे भांडण स्वर्गात कोण जाणार यावरून पेटलं नव्हतं. कोण कुणाच्या शेजारी बसून जेवणार, यावरून पेटलं होतं. पुढे युरोपात लूथरच्या काळापासून या शिकवणीचा अर्थ मुख्यतः एकेका माणसाच्या मनातली अपराधाची टोचणी आणि तिच्यातून सुटका असा लावला गेला. क्रिस्टर स्टेंडाल नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने १९६३ साली लेख लिहून हे दाखवलं की पौलाचा प्रश्न वेगळा होता. दोन प्रकारची माणसं एका देवाची माणसं म्हणून एकत्र कशी राहतील, हा त्याचा प्रश्न होता. मला तो लेख उशिरा समजला. आजीला त्यातलं मर्म न वाचता कळलं होतं.

इथे एक खुलासा. यहुद्यांचं नियमशास्त्र म्हणजे मनुस्मृती, असं समजू नका. पौल यहुदी, पेत्र यहुदी, येशूही यहुदी. तो त्यांच्या घरातला वाद होता. त्यांच्या नियमशास्त्रात परक्यावर प्रेम करा, गुलामीतून सुटलात हे विसरू नका, असंही सांगितलं आहे. गोष्ट एवढीच की चांगल्या नियमाचीही भिंत करता येते. नियम पाळणारा एका बाजूला, न पाळणारा दुसऱ्या बाजूला.

आता मराठी शब्दाकडे येते. आपलं बायबल ‘नीतिमान ठरणं’ म्हणतं. ‘होणं’ म्हणत नाही, ‘ठरणं’ म्हणतं. हा कोर्टातला शब्द आहे. कुणीतरी न्यायासनावर बसून निकाल देतो तेव्हा माणूस ठरतो. आणि दुसरा शब्द ‘कर्म’. हा शब्द ऐकला की आपल्या कानात दुसरंच काही वाजतं. मागच्या जन्मीचं कर्म, म्हणून या जन्मी महार. निकाल जन्माआधीच लागलेला, आणि ठरवणारेही तेच ज्यांना त्या निकालाचा फायदा.

एखादा म्हणेल, मग चांगली कर्मं करून वर या की. कोण येऊ देणार? शंबूकाने काय केलं होतं? कष्टच केले होते. तप म्हणजे स्वतःच्या प्रयत्नाने नीतिमान ठरण्याची खटपट. त्या खटपटीबद्दलच त्याचं मस्तक उडवलं, असं ती कथा सांगते. आमच्या नगरच्याच मिशनच्या ‘ज्ञानोदय’मध्ये १८५५ साली मुक्ता साळवे यांचा निबंध छापून आला. त्या मांग समाजातल्या, जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा, की वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता? धर्माचरण करायलाच ज्यांना मनाई, त्यांनी धर्माचरणाने नीतिमान कसं ठरायचं?

म्हणजे ‘स्वतःच्या प्रयत्नाने नीतिमान व्हा’ हा उपदेश दिसायला सगळ्यांसाठी सारखा असतो. प्रत्यक्षात एकाला जिना बांधून दिलेला असतो, आणि दुसऱ्याने जिन्यावर पाय ठेवला की पाय तोडतात.

आता जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवरची एक बाई बघू. पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. सगळं कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत पायी हिंडलं. उपास, स्नानं, पुराण सांगणं, दानं, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने खंगून गेली. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तेव्हा इथे त्यांच्यावर जो गहजब झाला, त्यात जोतीरावांनी १८८५च्या ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, हे आपण विसरू नये.

पण त्यांच्या आत्मकथनात मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची कबुली. त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे जुनी व्रतं सुटली आणि त्यांच्या जागी नवी आली. लायक ठरण्याची धडपड तीच. मग एके दिवशी त्यांना उमगलं की हे मिळवायचं नाही, घ्यायचं आहे. रमाबाई जन्माने वर होत्या आणि सुरुवातीच्या शारदा सदनात खाण्यापिण्याचे जातीचे नियम पाळायची मुभा होती, हेही मी जाणते. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी केडगावला सगळ्या जातींच्या मुली-बायका आणल्या. हातात काही न घेता उभ्या राहिलेल्या बाईला, समोरची बाई काय घेऊन आली, हे विचारता येत नाही.

आता जिन्याच्या खालचा माणूस. पंजाबात सियालकोट जिल्ह्यात दित्त नावाचा माणूस होता. चुहडा जातीचा, पायाने अधू, कातड्यांची खरेदी करून पोट भरणारा. १८७३ साली तो सॅम्युअल मार्टिन नावाच्या मिशनऱ्याकडे आला आणि बाप्तिस्मा मागू लागला. मार्टिन कचरले. त्यांचं म्हणणं, आधी इथे राहा, शीक. दित्त म्हणाला, मला माझ्या गावी, माझ्या माणसांत परत जायचं आहे. लिहिता-वाचता येत नाही, परीक्षा दिलेली नाही, चांगुलपणा सिद्ध केलेला नाही. पण नाही म्हणायला शास्त्रात आधार सापडेना, म्हणून मार्टिननी बाप्तिस्मा दिला. दित्त गावी गेला. भाऊबंदांची बोलणी खाल्ली. थोड्याच दिवसांत आपल्या घरच्यांना घेऊन परत आला. पुढे त्या भागातले हजारो चुहडा ख्रिस्ती झाले. या सगळ्याची सुरुवात जो कुठल्याच परीक्षेत पास झाला नसता, अशा माणसापासून झाली.

आता माझ्या समोर बसलेले बौद्ध भाऊ-बहिणी मनात काय म्हणत असतील, ते मला माहीत आहे. माझे थोरले मामेभाऊ ते तोंडावर म्हणतात. मी त्यांना दादा म्हणते. दादा म्हणतात, “बाई गं, तुमचा देव सगळं फुकट देतो. आमचा बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. रस्ता दाखवतो, चालायचं आपलं आपण.” आणि त्यांच्या हातात बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड असतो.

त्या खंडात बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल लिहिलं आहे. प्रत्येक दलित ख्रिस्त्याने ते वाचलं पाहिजे. त्यांचा एक आक्षेप माझ्या विषयाच्या थेट मुळावर येतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अस्पृश्य माणूस आपली दुर्दशा अन्यायी समाजव्यवस्थेमुळे झाली असं समजून निदान तिच्याशी झगडू तरी शकतो. ख्रिस्ती झाल्यावर त्याला शिकवतात की तुझी दुर्दशा तुझ्या पापामुळे आहे, आदामापासून चालत आलेल्या पापामुळे. मग तो व्यवस्थेशी कशाला झगडेल? तारणाऱ्याची वाट पाहत बसेल.

बाबासाहेबांचं हे म्हणणं खरं आहे. मी लहानपणापासून अशी प्रवचनं ऐकली आहेत. शेतमजुरांच्या मंडळीसमोर उभं राहून, तुम्ही पापी म्हणून तुमची ही अवस्था, असं सांगणारे. मजुरी कमी का मिळते, पाणवठा वेगळा का, यावर चकार शब्द नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच आरोपी करायचं. याला मी सुवार्ता म्हणत नाही. हा मागच्या जन्मीच्या कर्माचाच सिद्धांत आहे, फक्त पूर्वजन्माच्या जागी आदाम आणून बसवलेला.

चर्चने जात मोडली, असंही मी म्हणणार नाही. मदुराईला दे नोबिली यांनी सतराव्या शतकात वरच्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू आणि खालच्यांसाठी वेगळे, ही वाट पाडली. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना लिहिलं की जातिभेद आता, ताबडतोब, कायमचा सोडा. तेव्हा तंजावरकडचे वेल्लाळ ख्रिस्ती कितीतरी संख्येने मंडळी सोडून गेले. वधस्तंभ चालत होता, शेजारी बसणं चालत नव्हतं. तिरुचिरापल्लीत ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत घातली गेली. मेल्यावरही पंगत वेगळी. केरळात पोयकयिल योहन्नान, मूळचे परयर, एकामागून एक मंडळ्यांत गेले, सगळीकडे जात पाहिली, आणि १९०९च्या सुमारास बाहेर पडून आपल्या माणसांसाठी वेगळी सभा उभी केली. त्यांचा राग मला कळतो.

मग मी अजून इथे का? हा प्रश्न दादांनी विचारला आहे, मुलाने विचारला आहे, मीही स्वतःला विचारते. माझं उत्तर उतरंडीत आहे.

उतरंड आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जुन्या घरात कोपऱ्यात मडक्यांवर मडकी रचलेली असायची. वरचं मडकं खालच्या मडक्याच्या तोंडावर बसतं. बाबासाहेबांनी हिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. तिची चलाखी त्यांनी उलगडून दाखवली : सगळ्यांत खालचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे, म्हणून उतरंड मोडायला कुणी मनापासून तयार होत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये एक वाक्य कानावर पडलं, “या लोकांना स्वच्छता शिकवावी लागते.” कोण बोललं, ते सांगायची गरज नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं की माझ्यावर बोट ठेवायला जागा ठेवायची नाही. रोज गणवेश धुवायचा, खळ घालायची, इस्त्री करायची. ड्यूटीवर दहा मिनिटं आधी. रात्रपाळीत डोळा लागू द्यायचा नाही. छत्तीस वर्षं मी हे केलं. लोक म्हणायचे, सिस्टर कशा टापटीप! मला बरं वाटायचं. आपल्या समाजात शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या किती बायका-पुरुषांचं आयुष्य असं गेलं आहे, ते तुम्हाला सांगायला नको. मेरिट सिद्ध करा, स्वच्छता सिद्ध करा, प्रामाणिकपणा सिद्ध करा. दुसऱ्यांना एक चूक माफ. आपल्याला ती जातीवर लागते.

कष्टांना मी वाईट म्हणत नाही. ड्यूटी चोख करावीच. पण मी ड्यूटी करत नव्हते, खटला लढवत होते. रोज सकाळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहत होते आणि रोज संध्याकाळी निकाल पुढे ढकलला जात होता. आणि एके दिवशी वॉर्डात सफाई कामगार बाईंना मी म्हणाले, “तुम्हा लोकांना एकदा सांगून कळतच नाही.” तुम्हा लोकांना! ते वाक्य माझ्या तोंडातून गेलं आणि स्टाफरूममधलं वाक्य मला परत ऐकू आलं. स्वच्छ ठरण्यासाठी मला कुणीतरी अस्वच्छ लागत होतं.

स्वतःच्या प्रयत्नाने मिळवलेल्या नीतिमत्त्वाची हीच खोड आहे. ते मोजावं लागतं. आणि मोजायला खाली कुणीतरी हवं. माझ्या आजोबांनी ढोरं ओढणं सोडलं, दारू सोडली, अक्षरं शिकले, हे सगळं फार मोठं होतं. पण त्यांनी ते आपल्या नावावर जमा केलं. त्या जमेचा हिशोब जुळायला मांगाचा प्याला उष्टा ठरवावा लागला. पेत्राचंही तेच झालं.

‘विश्वासाने नीतिमान’ याचा मला कळलेला अर्थ असा : निकाल लागला आहे. पुजाऱ्याने दिलेला नाही, मिशनऱ्याने नाही, स्टाफरूमने नाही. देवाने येशूमध्ये दिला आहे, आणि तो येशू स्वतः धर्माच्या रक्षकांच्या आणि सरकारच्या निकालाने गुन्हेगार ठरून वेशीबाहेर मारला गेला. वेशीबाहेर म्हणजे काय, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या माणसाला देवाने खरा ठरवला, तर वेशीच्या आतल्यांचा निकाल रद्द झाला. आता मला कुणाहून वर आहे हे दाखवून माणूस ठरायचं नाही. मला पिंजऱ्यातून बाहेर यायची मोकळीक आहे. आणि मोकळा झालेला माणूसच दुसऱ्यासाठी झगडू शकतो, कारण त्याचे दोन्ही हात रिकामे असतात.

यावर तुम्ही रास्त प्रश्न विचाराल. मग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अत्याचार केला, तेही ‘विश्वास ठेवतो’ म्हणून फुकट सुटले का? नाही. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय आहे, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार. येशू आधी काही अट न घालता त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. आणि जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्यांचं बुडवलं त्यांना चौपट परत करतो. क्षमा फुकट मिळाली, आणि तिने लगेच तिजोरी उघडायला लावली. ज्या सवर्णाच्या विश्वासाने आरक्षणाबद्दलची कुरकूरसुद्धा थांबत नाही, त्याच्याकडे जक्कयाचा विश्वास नाही.

सरकारी कागदावरही एक निकाल आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. तामिळनाडूतले सूसाई रस्त्यावर बसून चपला शिवायचे. सरकारने चांभारकाम करणाऱ्यांना टपऱ्या दिल्या, यांना दिली नाही, कारण ते ख्रिस्ती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही तसाच जातीचा जाच होतो हे पुरेसं सिद्ध झालेलं नाही, असं म्हटलं. सिद्ध करा, तिथेही तेच. हातात तीच आरी, तेच कातडं, बसायला तोच रस्ता, तरी पुरावा अपुरा. विश्वासाने नीतिमान ठरलो म्हणून आम्ही हा लढा सोडायचा नाही. बाप्तिस्म्याने देवापुढची जात गेली. गावापुढची गेली नाही, आणि ती जाईपर्यंत घटनेचं संरक्षण मागणं आमचा हक्क आहे.

आता ती अवघड गोष्ट.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाने एक मुलगी पसंत केली. ख्रिस्ती, शिकलेली, आमच्याच मंडळीतली. घराणं मूळचं मांग. मी मुलाला म्हणाले, “मुलगी चांगली आहे रे. पण त्यांच्या घरचं वळण…” वाक्य पुरं केलं नाही. सांगायची गरज पडत नाही, हे मी मघाशी म्हणाले ना?

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मम्मी, पणजोबांचा उपास तू अजून सोडला नाहीस.”

ही उपासाची गोष्ट मीच त्याला लहानपणी सांगितली होती. आजीची बाजू घेऊन, मोठ्या अभिमानाने. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी आजीच्या शेजारी बसले आहे. मी तर आजोबांच्या मागोमाग दारातून बाहेर पडले होते.

त्या रात्री मी खूप वेळ बसून राहिले. प्रार्थना सुचत नव्हती. आयुष्यभर ज्या शिकवणीवर मी महिला मंडळात बोलत आले, ती माझ्या अंगावर कधी आलीच नव्हती. आणि गंमत बघा, तीच शिकवण त्या रात्री उपयोगी पडली. मी चांगली ख्रिस्ती आहे, चांगली आंबेडकरवादी आहे, असं काहीच माझ्या हातात उरलं नव्हतं. तरी दार बंद नव्हतं. पेत्रालाही पौलाने झापलं, हाकललं नाही. आजोबांनाही दोन वर्षांनी प्याला मिळालाच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईला सगळं सांगितलं, ते ‘पण’सकट. त्या बाईंनी ऐकून घेतलं. लगेच माफ केलं नाही, आणि तसं करायचं काही कारणही नव्हतं. म्हणाल्या, “बसा, चहा ठेवते.” मी बसले. आज त्यांची मुलगी माझी सून आहे आणि ती मला स्वच्छतेवरून बोलते.

दादांना मी एवढंच सांगते : दादा, तुमचा रस्ता चालण्याचा आहे, आणि तुम्ही तो चालताय हे मला दिसतं. मी स्वतःच्या पायांच्या जोरावर चालत गेले तेव्हा माझ्या पायांनी मला दाराबाहेर नेलं. मला आत कुणीतरी बोलवावं लागलं. आपल्या दोघांत हा फरक राहील, राहू द्या. पण पंगत एक ठेवू. तुमच्या विहारात आणि आमच्या चर्चमध्ये, दोन्हीकडे, पोटजातीचा रोटीबेटीचा ‘पण’ अजून जिवंत आहे. तो सोडल्याखेरीज तुमचं शीलही पुरं नाही आणि माझा विश्वासही खरा नाही.

आता जेवण आहे. मला सांगितलंय की पंगत अंगणात आहे. माझी एकच विनंती. आपापल्या माणसांत बसू नका. ज्याच्या घरचं वळण तुम्हाला ठाऊक नाही, त्याच्या शेजारी बसा. आणि आज कुणीही उपास धरू नका.

जय भीम. जय जोती, जय सावित्री. सर्वांना सलाम.